जडवस्तूंच्या वहीतला राजपुत्र

पोस्टमनचं काम लोकांना कळतं, तलाठ्याचं कळतं, कंपाउंडरचं तर फारच चांगलं कळतं. मी काय काम करत होतो हे मात्र माझ्या सासऱ्यांनाही शेवटपर्यंत नीट उमगलं नाही. "जावई पुस्तकं घेऊन हिंडतात," एवढं ते चारचौघांत सांगत आणि लगेच पावसापाण्याचा विषय काढत.

तेव्हा आधी कामाविषयी सांगतो. लोणावळ्यातल्या एका वाचनालयात मी फिरत्या पेटीचा लिपिक होतो. पेटी पत्र्याची, हिरव्या रंगाची, कुलुपाची. तिच्यात चाळीसेक पुस्तकं भरायची, महिन्याच्या सुरुवातीला ती लोकलने कामशेतला न्यायची, तिथून एसटीच्या टपावर चढवून पवनानगरला उतरवायची आणि गावातल्या एका भरवशाच्या माणसाकडे ठेवायची. पुढच्या महिन्यात दुसरी पेटी न्यायची आणि पहिली परत आणायची. बरोबर एक वही. वहीत वाचकाचं नाव, पुस्तकाचा दाखल क्रमांक आणि सही किंवा अंगठा. वाचकाच्या सहीच्या जागी अंगठा कसा, असं मला पुष्कळांनी विचारलं. ग्रंथालयशास्त्रात त्याला काय म्हणतात ते ठाऊक नाही, आमच्याकडे त्यालाही वाचकच म्हणत.

पहिल्यांदा पेटी घेऊन गेलो तेव्हा गावातली सगळी पोरं झाडावर चढून बसली होती. पत्र्याची पेटी म्हणजे देवीची लस टोचणारा आला, असा त्यांचा समज. एसटीच्या कंडक्टरशी तर दर खेपेला वाद. "काय हाय पेटीत?" "पुस्तकं." "मंग येवढी जड कशी?" याला मी काय उत्तर देणार! जड पुस्तकंच मी त्या पेटीत भरत होतो, हे त्याचं म्हणणं खरं तर बरोबर होतं.

पवनानगरचा भरवशाचा माणूस म्हणजे रसूलभाऊ शिंपी. धरण झालं आणि वरची गावं पाण्याखाली गेली, तेव्हा उठून आलेल्यांतले ते एक. मशीन मांडायला जेवढी जागा लागते त्याच्या दुप्पट जागा दुकानात होती, म्हणून पेटी तिथे. बायका चोळी-पोलकं शिवायला टाकायला येत, तोवर पेटी उघडून बसत. त्यांच्यातलीच एक झुंबरमावशी. तीही वरच्याच एका गावची, आता मजुरीला जाई. अक्षरओळख शून्य, पण जीभ अशी की रसूलभाऊंची कात्री तिच्यापुढे बोथट.

आता दादासाहेब. आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष, निवृत्त हेडमास्तर, पांढरं धोतर, काळा कोट, आणि 'विवेकमेखला' या निबंधसंग्रहाचे लेखक. ग्रंथ जाडजूड होता. वाचनालयात त्याच्या सहा प्रती होत्या. मी स्वतः प्रस्तावनेच्या पलीकडे गेलो नव्हतो, आणि प्रस्तावनेच्या पलीकडे गेलेला माणूस लोणावळ्यात मला भेटलाही नाही. म्हणून त्यातली एक प्रत मी पवनानगरला कायमची टाकून दिली होती, पेटी बदलली की ती नव्या पेटीत जाई. निदान तिला वारा लागेल, हा विचार.

एकदा उन्हाळ्यात खंडाळ्याच्या बंगल्यात राहायला आलेल्या एका मुंबईकर कुटुंबाने जाताना चित्रकथांचा एक गठ्ठा आम्हाला देणगी म्हणून दिला. चौकटी-चौकटींत चित्रं, माणसांच्या तोंडाजवळ फुगे, फुग्यांत बोलणं. राजपुत्र, राक्षस, जादूची अंगठी, असा सगळा मामला. हे पुस्तकांत घ्यायचं की नाही यावर कार्यकारिणीची बैठक भरली. दादासाहेबांनी एका वाक्यात निकाल दिला. "चित्र काढून घेतल्यावर ज्यात काही उरतं ते साहित्य. यात काय उरतं? फुगे!" मग गठ्ठा नोंदवायचा कुठे? देणगी आली की नोंद करावीच लागते. शेवटी त्या चित्रकथा जडवस्तूंच्या नोंदवहीत गेल्या. जडवस्तूंची वही म्हणजे संस्थेच्या सामानाची यादी. 'बाकडी लाकडी, घड्याळ भिंतीवरचे, माठ' आणि त्याखाली 'चित्रकथा, गठ्ठा एक'. मीच माझ्या अक्षरात लिहिलं, आणि खरं सांगतो, लिहिताना मला यत्किंचितही वाईट वाटलं नाही. मीही तेव्हा साहित्याचा मोठा कैवारी होतो.

चित्रकथा पेटीत शिरल्या त्या वेगळ्याच वाटेने. एसटीच्या टपावर पेटी आदळून पुस्तकांची बांधणी सुटायची, म्हणून तळाला काहीतरी मऊ भरण घालावं लागे. एका खेपेला रद्दी हाताशी नव्हती, मी तो गठ्ठा उचलून पेटीच्या तळाशी अंथरला आणि वर पुस्तकं रचली. पुढच्या महिन्यात गेलो तर पुस्तकं मी ठेवली तशीच, दोरा लावून रचल्यासारखी. तळाचं भरण मात्र गायब.

"रसूलभाऊ, खालचं कुठं गेलं?"

"गावात गेलंय," मशीनवरून मान न उचलता ते म्हणाले. "लोक वरची पुस्तकं उचलून बाजूला ठिवत्यात, खालचं नेत्यात, आन वरची पुन्ना जशीच्या तशी लावून ठिवत्यात. तुमच्यावाणी नीटनेटकी लोकं हायेत आमची."

सगळ्यांत जास्त वेळा भरण नेणारी झुंबरमावशी. ती दुकानाच्या पायरीवर बसे आणि चार बायका गोळा करून चित्रकथा 'वाचून' दाखवी. मी एकदा मागे उभा राहून ऐकलं. चित्रात राजकन्या गालावर हात ठेवून खिडकीत बसलेली. फुग्यात लिहिलं होतं की प्राणनाथ, तुमच्याविना हा जीव कासावीस होतो. मावशी सांगत होती, "हिची दाढ ठणकतीया चार दिस झालं. पर सांगायची कुनाला? सासू म्हननार, काम टाळतीया." बायका माना हलवत होत्या. एकीने तर लवंग धरायला सांगितली.

मी पुढे होऊन शहाणपणा केला. "मावशी, तिथं तसं लिहिलेलं नाही. काय लिहिलंय ते मी वाचून दाखवू का?"

"नगं भाऊ," ती म्हणाली. "तुमी सांगितलंसा की मंग त्येच व्हायाचं."

आता वहीचा पेच. माणसांनी काहीतरी नेलंय हे दिसत होतं, पण जडवस्तूला दाखल क्रमांक नसतो. शिवाय जडवस्तू वाचनालयाच्या बाहेर न्यायची म्हणजे कार्यकारिणीचा ठराव हवा. उद्या मी बाकडं गावात वाटलं असतं तर काय झालं असतं, तोच गुन्हा हा. वही कोरी दाखवावी तर पेटी बंद, आणि पेटी बंद म्हणजे मी पुन्हा लोणावळ्यात दाराशी बसून चपला मोजणार. मग मी एक सोपी युक्ती केली. रसूलभाऊ नावं लिहून अंगठे घेत, क्रमांकाचा रकाना पेटी परत आणताना मी भरत असे. जे पुस्तक पेटीतून कधीच हललं नाही त्याचा क्रमांक मी गावकऱ्यांनी नेलेल्या चित्रकथेपुढे टाकू लागलो. असं सगळ्यांत भरवशाचं पुस्तक एकच होतं, आणि सगळ्यांत जास्त खेपा मावशीच्या, म्हणून ते तिच्या नावापुढे. 'विवेकमेखला' जागची हलणार नाही याची मला पक्की खात्री होती.

दर पेटीच्या तळाशी तोच गठ्ठा अंथरत दीड-दोन वर्षं हे सुखाने चाललं. मग पवनानगरात टेलिव्हिजन आला.

चावडीत लाकडी पेटीत बसवलेला, पुढे दोन सरकती दारं, त्यांना कुलूप. नारळ फुटला, हार घातला, छपरावर अँटेना चढली. पहिले आठ दिवस अँटेना फिरवणाऱ्याला सरपंचापेक्षा जास्त मान होता. संध्याकाळ झाली की सगळं गाव हातपाय धुऊन, टोप्या घालून चावडीत. बातम्या देणारा बुवा समोर बघून "नमस्कार" म्हणाला की पुढच्या रांगेतले आबा लोक "नमस्कार, नमस्कार" करून उत्तर देत, आणि बायका डोक्यावर पदर ओढून घेत, कारण तो परका पुरुष सरळ त्यांच्याकडेच बघत होता. म्हशींच्या धारा अर्धा तास अलीकडे आल्या. रसूलभाऊंच्या धंद्यालाही फरक पडला. "टीवीतल्या बाईवाणी गळा पायजे म्हनत्यात," ते कुरकुरले. "म्या इचारलं, मागून कसा हाय त्यो गळा? तर कुनालाच ठाव न्हाई. ती बाई कंदी पाठ फिरवतच न्हाई! मागचा गळा म्या माझ्या मनानं शिवतो."

टीव्हीची हकिगत लोणावळ्याला पोचली, आणि आमच्या चिटणिसांनी बैठकीत ठराव मांडला. चिटणीस हिशेबी, चटपटीत गृहस्थ. त्यांचं म्हणणं, गावात टीव्ही आला, आता पेटी कोण उघडतंय? पवनानगरची पेटी बंद करावी, आणि हळूहळू सगळ्याच. तोच दादासाहेब उभे राहिले. त्यांच्या हातात माझी वही होती.

"टीव्हीने समाज बिघडेल असं तुम्ही म्हणता," ते म्हणाले (असं कोणीच म्हटलं नव्हतं), "पण हे पाहा. एक मजूर स्त्री. झुंबरबाई. दर महिन्याला एकच ग्रंथ नेते. दर महिन्याला! क्रमांक पाहून माझा माझ्याच डोळ्यांवर विश्वास बसेना." त्यांनी वहीवरचं बोट उचललं नाही. "चोवीस वर्षांपूर्वी मी तो लिहिला. मला वाटलं होतं, कोणी वाचलाच नाही."

चिटणिसांनी मान खाली घातली. आणि मी? मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. कारण हा म्हातारा खोटं बोलत नव्हता, मिरवत नव्हता, त्याला खरंच भरून आलं होतं. आणि ते सगळं माझ्या टाकातून उतरलं होतं.

"पुढच्या खेपेला मी स्वतः येतो, गरुड," ते मला म्हणाले. "माझ्या वाचकाला भेटायचंय. चिटणीस, तुम्हीही चला. बाई काय बोलते ते ऐका, आणि मग ठराव मांडा."

मी आदल्या दिवशी पवनानगर गाठलं आणि रसूलभाऊंपुढे हात जोडले. मावशीला एवढंच पढवा, की 'विचार फार आवडले' एवढं म्हण. रसूलभाऊंनी दोरा दातांनी तोडला. "भाऊ, अंगठा तिचा, आन खोटं तुमचं. आता तिला पन शिकवायचं? तुमी जावा शिकवाया. मी न्हाई." मी मावशीच्या दारापर्यंत गेलो. ती भाकरी थापत होती, "या भाऊ, बसा," म्हणाली. मी पाणी पिऊन परत आलो.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर आम्ही तिघे दुकानात पोचलो. दादासाहेबांनी एसटीतला धक्का न् धक्का आनंदाने सोसला होता. मावशी कामावरून तशीच आली, पायाला माती, आणि पायरीवर बसली. मी म्हणालो, "मावशी, हे पुस्तक लिहिणारे." एवढंच म्हणालो. कोणतं पुस्तक, ते सांगायला तोंड उघडलं नाही.

मावशीने दादासाहेबांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुमीच व्हय? मला वाटलं कुनी तरना मानूस आसंल."

"वाचलंत का तुम्ही?"

"सात-आठ बारी."

"आणि कळलं?"

"न कळाया काय झालं? समदं आपल्या घरातलंच हाय की त्यात."

दादासाहेबांनी चिटणिसांकडे असं पाहिलं की चिटणीस रुमालाने उगीच चष्मा पुसू लागले. "कोणता भाग मनाला लागला?"

"त्यो घोडा मरतो तितं."

"इंद्रियांचा अश्व!" दादासाहेब टाळी वाजवायचे फक्त राहिले. "तिसरा निबंध. ऐकलंत, चिटणीस?"

"घोडा बिचारा लय पळाला. मालक वर बसून नुस्ता चाबूक दावतोय. मी म्हनते, खाली उतर की मेल्या, तुला काय पाय न्हाईत?"

"वा!" दादासाहेब म्हणाले. मग दाढदुखीची राजकन्या आली. ते किंचित गोंधळले. "दाढ?... हां. देहदुःख. नववा." मी रसूलभाऊंच्या मशीनमागे सरकून उभा राहिलो.

"आन मंग पानी चढतं," मावशी म्हणाली, आणि तिचा आवाज बदलला. हा भाग मीही पहिल्यांदाच ऐकत होतो. "यवढं पानी. त्यो मोट्टा मानूस हात वर करून वरडतोय, निगा हितनं, निगा. समदी बोचकी घिऊन पळत्यात. येक बाई तेवढी चुलीपाशी बसून हाय. तिनं सकाळी पेटवलीया चूल. पेटती चूल टाकून कसं निगायचं? इजली की निगू, म्हनती. पर चूल इजंना. बसलीया आपली. पानी उंबऱ्याला लागलं, आत आलं, आन चूल इजली. मंग उठली."

रसूलभाऊंचा पाय मशीनवर थांबला होता. त्या वरच्या गावांच्या चुली त्यांनीही पाहिल्या होत्या.

"हे..." दादासाहेब पुढे झुकले. "हे मी कुठं लिहिलंय?"

मावशीने काखेतली चित्रकथा काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उघडली. कोपऱ्यात वाचनालयाचा शिक्का होता. पुराच्या पानावर शिंगवाला राक्षस हात वर करून उभा होता. खालच्या कोपऱ्यात, चित्रकाराने जागा भरायला काढली असेल, एक नखाएवढी बाई बसलेली होती. दादासाहेबांनी फुगा मोठ्याने वाचला. "हा हा हा! आता तुझी नगरी बुडवतो, राजकुमारा!"

"आसंल," मावशी म्हणाली. "त्यो हासतोय व्हय? मला वाटलं, सांगाया आलाय."

मग मी मशीनमागून बाहेर आलो आणि सगळं सांगितलं. भरण, क्रमांक, सगळं. दादासाहेबांनी फक्त 'विवेकमेखला' मागितली. रसूलभाऊंनी पेटीतून काढून फडक्याने पुसून दिली. जुन्या पद्धतीची पुस्तकं कडेला जोडलेल्या पानांची यायची, वाचकाने ती कापून घ्यायची असत. त्यातलं एकही पान कापलेलं नव्हतं. रसूलभाऊ मनाने भला माणूस, त्यांनी मदत म्हणून आपली कात्री पुढे केली. त्या क्षणी ती नसती केली तर बरं झालं असतं. दादासाहेबांनी ग्रंथ मिटून कोटाच्या खिशात घालायचा प्रयत्न केला, तो मावेना, मग काखेत धरला.

"म्हणजे पेटीचं वाचन शून्य," चिटणीस म्हणाले. एवढ्यात चावडीत टीव्ही सुरू झाला, फवारणीवर कोणीतरी खणखणीत बोलू लागलं. "ऐका! मावशी, गावातच हलणारी चित्रं आलीत, आवाजासकट. आता तुम्हाला ही पेटी कशाला?"

"बगते की म्या टीवी," मावशी म्हणाली. "पर त्यातली मानसं लय बोलत्यात. मला बोलाया जागाच ठिवत न्हाईत."

येताना लोकलमध्ये दादासाहेब खिडकीशी बसले. बेगडेवाडीकडून आलेल्या दूधवाल्यांच्या रिकाम्या किटल्या दारात खडखडत होत्या. मी आयुष्यात हिशेबाच्या, नोंदींच्या पुष्कळ चुका केल्या, पण ज्याला कोणी वाचलं नाही अशा लेखकाला वाचक मिळाल्याचं खोटं सुख देणं, यासारखी दुसरी चूक केली नाही. अजूनही आठवलं की मान वर होत नाही.

पुढच्या बैठकीत मला लेखी ताकीद मिळाली. ठरावाला मतं समसमान पडली, आणि निर्णय अध्यक्षांच्या मतावर आला. दादासाहेबांनी पेटीच्या बाजूने मत दिलं. मग जडवस्तूंची वही मागवली, 'चित्रकथा, गठ्ठा एक' ही ओळ तांबड्या शाईने खोडली आणि एकेका चित्रकथेला स्वतः दाखल क्रमांक दिला. विषयाच्या रकान्यापाशी ते बराच वेळ टाक धरून बसले. शेवटी 'ललित' असं लिहिलं.

त्यानंतरच्या खेपेला मी कामशेतला पेटी उतरवतो तर मागच्या डब्यातून दादासाहेब उतरले. न बोलावता, एकटे. पवनानगरला पोचल्यावर ते रसूलभाऊंच्या दुकानात पायरीवरच बसले, मावशीच्या शेजारी. काखेत 'विवेकमेखला' होती. सगळी पानं कापलेली, कापताना थोडी वेडीवाकडी झालेली.

"मावशी," ते म्हणाले, "तुमचं मी ऐकलं. आता माझं थोडं ऐकता?" वर्गात पन्नास पोरांना गप्प बसवलेला माणूस, पण आवाज परीक्षेला बसल्यासारखा येत होता.

मावशीने ग्रंथ हातात घेतला, पानं चाळली, उलटसुलट करून पाहिला. "ह्यात चित्रं कुटं हायेत?"

"नाहीत."

"येक पन न्हाई?"

"नाही."

मावशीने जरा विचार केला. मग ग्रंथ परत दिला, भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटले. "बरं. वाचा तुमी. चित्रं मी बगते."

दादासाहेब वाचू लागले. पहिला परिच्छेद झाला, दुसरा झाला. वाक्यं लांबलचक होती, मधे दोनदा त्यांनाच दम लागला. रसूलभाऊंनी मशीन बंद ठेवली होती. तिसऱ्या परिच्छेदापाशी दादासाहेब थांबले आणि हळूच विचारलं, "काही दिसतंय का?"

"आजून न्हाई," मावशी डोळे न उघडता म्हणाली. "पर थांबू नगा."